डॉर्चेस्टर : टेम्सतीरींचें एक गांव आणि एका नदीनामाची उपपत्ति

इंग्लंडांत डॉर्चेस्टर या नांवाचीं दोन स्थळें प्रसिद्ध आहेत. एक डॉर्सेट परगण्याचें मुख्य शहर. दुसरें ऑक्सफर्डच्या आग्नेयीस सुमारें आठ मैलांवर, टेम्स नदीजवळ वसलेलें लहानसें खेडें. प्रस्तुत लेखाचा विषय हें दुसरें डॉर्चेस्टर होय. आज याची वस्ती हजाराच्या आसपास आहे. परंतु एके काळीं येथील बिशपचा अधिकार उत्तरेस हंबर नदीपर्यंत चालत असे. शिवाय या गांवालगतच्या नदीसंगमामुळें टेम्सला एक दुसरें नांव चिकटलें, व तें पांचशें वर्षें विद्वानांच्या ग्रंथांत आणि नकाशांत नांदत राहिलें. तें नांव खरें कीं कल्पित, याचा निर्णय करणें हा आमचा मुख्य हेतु आहे. तत्पूर्वीं स्थळाचा व त्याच्या इतिहासाचा परिचय करून देणें अवश्य आहे.

गांव टेम नांवाच्या लहान नदीच्या कांठीं आहे. (इंग्रजी लेखनांत टेम व टेम्स या दोन्ही नांवांत एक अनुच्चारित हकार घालतात, तो मागाहून आलेला असून उच्चारांत त्यास स्थान नाहीं.) गांव ओलांडून थोडें पुढें गेल्यावर टेम ही टेम्सला मिळते. संगमाच्या वरच्या बाजूस टेम्स मोठें वळण घेते. त्यामुळें गांवाच्या दक्षिणेस एक असा भूखंड तयार झाला आहे कीं, त्याच्या पश्चिमेस व दक्षिणेस टेम्स आणि पूर्वेस टेम वाहते. उघडी राहिलेली उत्तर बाजू लोहयुगांतील लोकांनीं मातीचे दोन समांतर बांध व त्यांमधील खंदक यांनीं बंद केली. या बांधांस ‘डाइक हिल्स’ म्हणतात. तीन बाजूंस पाणी व चौथ्या बाजूस तट अशा रीतीनें सुमारें ११४ एकर जमीन सुरक्षित झाली होती. टेम्सच्या पलीकडे विटनहॅमच्या दोन टेकड्या आहेत. त्यांपैकीं एकीवर त्याहून जुना डोंगरी कोट आहे. हीं दोन्ही स्थळें एकत्र पाहिलीं म्हणजे नदीवरील हा उतार किती महत्त्वाचा होता, हें ध्यानांत येतें.

रोमन लोकांनीं आपलें लहान शहर या बांधांच्या उत्तरेस, म्हणजे आजच्या गांवाच्या जागीं वसविलें व त्यास तटबंदी केली. सिल्चेस्टर व अल्चेस्टर या शहरांस जोडणारा त्यांचा रस्ता येथून जात होता. प्रांताच्या गव्हर्नराच्या हाताखालील एका अधिकाऱ्यानें ज्युपिटर देवतेस अर्पण केलेली वेदी १७३१ सालीं येथें सांपडली, ती आतां नष्ट झाली आहे. तथापि राज्यकारभाराचें कांहीं कार्य येथून होत असावें, असें तीवरून अनुमान निघतें. गांवाच्या नांवांतील ‘चेस्टर’ हें उत्तरपद लॅटिन ‘कास्त्रा’ म्हणजे छावणी या शब्दाचें अपभ्रष्ट रूप होय. मँचेस्टर, विंचेस्टर, लँकॅस्टर या नांवांतहि तेंच आहे. पूर्वपद मात्र इंग्रजांच्या आगमनापूर्वींचें आहे. ७३१ सालीं आपला धर्मेतिहास पुरा करणारा बीड हा या स्थळास ‘डॉर्किक’ म्हणतो.

बीडच्याच ग्रंथावरून पुढील वृत्तांत कळतो. पोप पहिला होनोरियस याच्या अनुज्ञेनें बिरिनस नांवाचा बिशप ६३४ च्या सुमारास या देशीं आला. त्यानें ६३५ सालीं पश्चिम सॅक्सनांचा राजा किनेगिल्स यास बाप्तिस्मा दिला. त्या प्रसंगीं नॉर्थंब्रियाचा राजा ऑस्वाल्ड हा धर्मपिता म्हणून उभा राहिला, आणि त्याच किनेगिल्सची मुलगी त्यानें पत्नी म्हणून स्वीकारली. म्हणजे धर्मसंबंध व शरीरसंबंध एकदमच जुळले. उभय राजांनीं डॉर्किक हें नगर बिरिनसास पीठासाठीं दिलें. बिरिनसानंतरचा बिशप अजिलबर्ट हा गॉल देशचा होता. किनेगिल्सचा पुत्र केनवाल्ह यास सॅक्सन भाषेवांचून दुसरी भाषा येत नव्हती. बिशपची परकी बोली ऐकून तो कंटाळला व त्यानें विंचेस्टर येथें वाइनी नांवाचा स्वभाषी बिशप नेमला. अजिलबर्ट रागावून निघून गेला. राजाच्या मनांत राजकीय हेतु असतीलच. परंतु पीठाच्या ऱ्हासाचें कारण म्हणून बीडनें भाषेचा उल्लेख केला आहे, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकानें विसरूं नये.

नवव्या शतकाच्या उत्तरार्धांत डेन लोकांच्या स्वाऱ्यांमुळें मध्य इंग्लंडांतील पीठ पुनः डॉर्चेस्टर येथें आलें. नॉर्मन विजयानंतर, १०७२ च्या सुमारास, बिशप रेमिजियस यानें तें लिंकन येथें नेलें. तेव्हांपासून गांवाचें राजकीय महत्त्व कायमचें संपलें. ११४० सालीं येथें ऑगस्टिनच्या पंथाचा मठ स्थापन झाला. तोहि आठव्या हेन्रीच्या कारकीर्दींत १५३६ सालीं बरखास्त करण्यांत आला. रिचर्ड बोफॉरेस्ट नांवाच्या स्थानिक गृहस्थानें मठाच्या देवळाचा पूर्वभाग १४० पौंडांस विकत घेऊन मृत्युपत्रानें गांवास दिला, म्हणूनच आज तें विशाल देऊळ उभें आहे. बाराव्या शतकांतील शिशाचें बाप्तिस्मापात्र, आणि दगडी चौकटीसच वंशवृक्षाच्या शाखांचा आकार देऊन ख्रिस्ताचे पूर्वज दाखविणारी चौदाव्या शतकांतील खिडकी, हीं तेथें प्रेक्षणीय आहेत. पुढील काळांत लंडन-ऑक्सफर्ड मार्गावरील टप्प्याच्या घोडागाड्यांनीं गांव जगविलें. टेमवरील सध्यांचा दगडी पूल १८१३ ते १८१५ या वर्षांत झाला. आणि १९८२ सालीं बाहेरून नवा रस्ता काढल्यावर वाहनांची गर्दीहि गांवांतून हटली.

आतां नदीच्या नांवाकडे वळूं. उगमापासून डॉर्चेस्टरपर्यंत टेम्सचें खरें नांव ‘आयसिस’ असून, टेम मिळाल्यावर टेम व आयसिस मिळून ‘टॅमेसिस’ अर्थात् टेम्स हें नांव सिद्ध होतें, अशी एक उपपत्ति आहे. कॅमडेन यानें आपल्या ‘ब्रिटानिया’ ग्रंथांत (पहिली आवृत्ति १५८६) या दोन नद्यांच्या विवाहावर लॅटिन पद्यें घातलीं; ड्रेटन यानेंहि १६१२ सालीं हीच कल्पना इंग्रजी काव्यांत रंगविली. आमच्या वाचकांस ही उपपत्ति सहज पटण्याजोगी आहे. पुण्यास मुळा व मुठा एकत्र झाल्या म्हणजे मुळामुठा होते. तुंगा व भद्रा मिळून तुंगभद्रा होते. मग टेम व आयसिस यांचा असाच द्वंद्व कां नसावा? परंतु सादृश्य म्हणजे प्रमाण नव्हे.

या उपपत्तीविरुद्ध तीन प्रमाणें आहेत. पहिलें रूपाचें. सीझर यानें ख्रिस्तपूर्व ५४ मधील स्वारीच्या वृत्तांतांत ‘टॅमेसिस’ असें लिहिलें, पण टॅसिटस ‘टॅमेसा’ असें लिहितो. अर्थात् शेवटचें ‘इस्’ हा केवळ लॅटिन प्रत्यय आहे. स्वतंत्र पद नव्हे. दुसरें प्रमाण प्रयोगाचें. अँग्लो-सॅक्सन बखरींत दहाव्या शतकाच्या प्रारंभीं एक सैन्य क्रिकलेड येथें ‘टेमेस’ उतरून गेल्याचा उल्लेख आहे. क्रिकलेड हें डॉर्चेस्टरच्या कितीतरी वर, उगमाकडे आहे. संगमाशिवाय टेम्स हें नांवच नसतें, तर क्रिकलेडास तें कोठून आलें? तिसरें प्रमाण काळाचें. ‘इसा’ हें रूप चौदाव्या शतकाच्या मध्यास हिग्डनच्या ‘पॉलिक्रॉनिकन’ ग्रंथांत दिसूं लागतें, व त्याचें ‘आयसिस’ पुढें होतें. मिसरी देवीच्या नांवाशीं तें जुळलें, हेंहि त्याच्या लोकप्रियतेचें एक कारण असावें.

तात्पर्य, अखंड शब्दाचा चुकीचा विग्रह झाला व उरलेल्या तुकड्यास अर्थ चिकटला. संस्कृतज्ञांस हा प्रकार अपरिचित नाहीं. ‘असुर’ हा शब्द मूळचा ‘असु’ म्हणजे प्राण यापासूनचा. पुढें त्यांतील आद्य अकार नञर्थी मानला गेला आणि ‘सुर’ हा देववाचक शब्द जन्मास आला. ‘विधवा’ या शब्दाचे सगोत्र शब्द लॅटिन व इंग्रजी भाषांत आहेत, त्यांवरून त्यांतील ‘वि’ हा उपसर्ग नव्हे असें ठरतें. तरी त्यापासून पतिवाचक ‘धव’ शब्द निघाला व तो यास्कासहि ठाऊक आहे. सुर आणि धव यांच्याच पंक्तीस आयसिस बसते.

येथें आणखी एक इशारा देणें आम्हांस अवश्य वाटतें. टेम्स, टेम व रामायणांतील तमसा हीं नांवें ‘काळोख’ या अर्थाच्या एकाच प्राचीन मूळाचीं असावींत, असें अनेक भाषाकोविद मानतात, व तें संभवनीय आहे. पण त्यावरून तमसातीरींच्या लोकांनीं टेम्सला नांव दिलें असें म्हणणें हा कॅमडेनपेक्षांहि मोठा प्रमाद होईल. शब्दांचें गोत्र एक असणें वेगळें, आणि माणसांनीं प्रवास केला असें सिद्ध होणें वेगळें. आमच्यांतील उत्साही लेखक हा विवेक ठेवतील तर संशोधनावर उपकार होतील.

शेवटीं त्या बांधांविषयीं. कवींनीं ज्या संगमाचीं विवाहगीतें गाइलीं, त्याच्या लगतचे डाइक हिल्स १८७० सालीं शेतीसाठीं सपाट करण्यास आरंभ झाला. कर्नल लेन फॉक्स (पुढें पिट-रिव्हर्स या नांवानें प्रसिद्ध) यांनीं त्याविरुद्ध आवाज उठविला. त्या व तशाच इतर घटनांनीं लोकमत जागें होऊन १८८२ सालीं इंग्लंडांत प्राचीन स्मारकांच्या संरक्षणाचा पहिला कायदा झाला. हिंदुस्थानांत तसा कायदा १९०४ सालीं आला. बांधांचा मोठा भाग वांचला, कांहीं भाग गेला. विसाव्या शतकाच्या मध्यास गांवाच्या उत्तरेकडील नवपाषाणयुगीन अवशेषहि वाळूखडी काढतांना नाहींसे झाले; त्यांपैकीं कांहींचें तेवढें आधीं उत्खनन होऊं शकलें.

ग्रंथांतील चूक दुसऱ्या ग्रंथावरून दुरुस्त करतां येते. आयसिसची चूक तशीच उघडकीस आली, आणि सहाशें वर्षांच्या वापरामुळें तें नांव आतां स्वतःच इतिहासाचा विषय झालें आहे. भूमीवरील साक्ष मात्र एकदां नांगराखालीं गेली म्हणजे तिची दुसरी प्रत मिळत नाहीं. ज्यांच्या गांवच्या शिवारांत असा एखादा बांध, गढी किंवा पांढर असेल, त्यांनीं तिच्या नांवाची व्युत्पत्ति सावकाश शोधावी. परंतु तिचें मोजमाप आजच घेऊन ठेवावें.