एसडब्ल्यूआर छान, पण पॉवर गेली कुठे?

गच्चीवरच्या ॲन्टेनाचे दिवस आठवतात ना? ॲन्टेना ३०० ओहमचा, टीव्हीकडे येणारी गोल केबल ७५ ओहमची. दोघांचा मेळ घालायला मध्ये एक छोटा ट्रान्सफॉर्मर लावत, तोच बॅलन. (फुग्याशी संबंध नाही! बॅलन्स्ड आणि अनबॅलन्स्ड हे दोन शब्द जोडून हे नाव झालं.)

हॅम रेडिओ शिकणारी मुलं फेराइटच्या रिंगवर तार गुंडाळून बॅलन घरीच बनवतात. एसडब्ल्यूआर मीटर १.१ दाखवतो, सगळे खूश. आम्ही मुलांना इथेच थांबवतो. पॉवर उलटी परत आली नाही, एवढंच हा मीटर सांगतो. ती ॲन्टेनापर्यंत पोचली असं तो सांगत नाही. ॲन्टेनाच्या जागी ५० ओहमचा रेझिस्टर लावला तरी एसडब्ल्यूआर १ च येईल, सगळ्या पॉवरची नुसती उष्णता होईल. चुकीच्या कोरचा बॅलनही असंच करतो. पुरात मोबाईल टॉवर बंद पडले की हेच सेट बॅटरीवर चालवावे लागतात, तिथे एकेक वॉट मोलाचा.

म्हणून आत किती गेली आणि बाहेर किती आली, दोन्ही मोजायचं. अडचण एकच: नॅनोव्हीएनए या छोट्या यंत्राची दोन्ही टोकं ५० ओहमची, आणि ४:१ ट्रान्सफॉर्मरचं दुसरं टोक २०० ओहमचं. उपाय सोपा आहे. अगदी सारखे दोन ट्रान्सफॉर्मर बनवा आणि २०० ओहमची टोकं एकमेकांना जोडा. आधी नुसत्या केबल्स जोडून यंत्र शून्यावर आणा, मग जो लॉस दिसेल त्याचा निम्मा एकाचा.

समजा दोघांत मिळून १ डेसिबल गेला. एकाचा अर्धा. ऐकायला किरकोळ, पण ते ११ टक्के होतात. दोघांत ३ गेले तर एकाचे दीड, म्हणजे १०० वॉटच्या सेटवर जवळपास २९ वॉट त्या डबीतच जिरले. आपलं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं, यावरून समजा!

ज्या बँडवर वापरणार, त्या प्रत्येकावर मोजा. तारेचे वेढे कमी पडले तर खालच्या बँडवर लॉस वाढतो.

या पद्धतीत दोन्ही बाजूंचा समतोल कळत नाही, तो वेगळा तपासावा लागतो. शिवाय नॅनोव्हीएनए एक मिलिवॉटही देत नाही, त्यामुळे कोर तापतो की नाही हेही दिसत नाही. त्यासाठी लायसन्सधारकाने काही मिनिटं खऱ्या पॉवरवर सेट चालवावा, बंद करावा, आणि मगच रिंगेला बोट लावून पाहावं.