श्रमदानाचा सन्मान : रुमानियातील एक उदाहरण

रुमानियातील खेड्यांत शेकडो जुन्या वास्तू ढासळत आहेत. छप्पर गेले की पावसाने भिंती खचतात. हे ओळखून २०१६ साली वास्तुविशारद युजेन वाइदा यांनी ‘स्मारकांची रुग्णवाहिका’ हा उपक्रम आरंभिला. अवजारांनी भरलेली गाडी गावात येते. विद्यार्थी-स्वयंसेवक जाणत्या कारागिरांच्या हाताखाली प्रथम छप्पर सावरतात, गावकरी त्यांच्या भोजन-निवासाची सोय पाहतात. मिळून काम करण्याच्या ‘क्लाका’ या तेथील जुन्या रीतीचेच हे नवे रूप आम्हांस वाटते. २०२० मध्ये या कार्यास युरोपीय वारसा पुरस्कार लाभला. वास्तूबरोबर ती राखण्याची विद्याही तरुण हातांत उतरली, हेच आम्ही त्या सन्मानाचे खरे मोल मानतो. श्रमदानात वाढलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना ते सहज उमगेल.