मॉरिशस : काळ्या दगडाचे बेट

मलकापूरच्या परिसरात, ओढ्याच्या पात्रात, शेताच्या बांधावर किंवा जुन्या घराच्या जोत्यात जो काळा, जड व कठीण दगड आढळतो, तो तुम्ही रोज पाहता. त्याला बेसाल्ट असे म्हणतात. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातील तप्त शिलारस भेगांतून वर आला, थरांवर थर साचले आणि थंड होऊन त्यांचा हा पाषाण झाला. आपला सह्याद्री अशाच थरांचा बनलेला आहे.

हा शिलारस पुरविणारी भट्टी मात्र विझली नाही. भूखंड स्थिर नसतात. ते अत्यंत मंद गतीने सरकत असतात. आपला भूभाग त्या भट्टीवरून उत्तरेकडे सरकला आणि भट्टी मागे धगधगत राहिली. पेटत्या मेणबत्तीवरून कागद सावकाश ओढला, तर त्यावर जळक्या डागांची रांग उमटते. तशीच रांग हिंदी महासागराच्या तळावर उमटली आहे. लक्षद्वीप व मालदीव यांच्या खालचे, समुद्रात बुडालेले डोंगर त्याच रांगेतील होत. पुढे आफ्रिकेच्या पूर्वेस, मादागास्करच्याही पलीकडे, सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी एक बेट पाण्यावर आले. तेच मॉरिशस. त्याच्या शेजारच्या रेयुनियों बेटावर ती भट्टी आजही जागी आहे; तेथील ज्वालामुखीचा उद्रेक वारंवार होत असतो.

मॉरिशसचे ज्वालामुखी आता शांत आहेत. बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर. सर्वांत उंच शिखर अवघे ८२८ मीटरांचे. किनाऱ्याभोवती प्रवाळांचे कडे आहे. एका जुन्या ज्वालामुखीच्या मुखात पाणी साठून सरोवर झाले असून त्यास गंगातलाव म्हणतात. महाशिवरात्रीस हजारो भाविक कावडी घेऊन तेथे पायी जातात.

या बेटावर मूळचे रहिवासी कोणी नव्हते. १५९८ मध्ये डच आले आणि त्यांनी आपल्या राजपुत्राच्या नावावरून बेटाचे नाव मॉरिशस ठेवले. उडता न येणारा डोडो पक्षी येथेच राहत असे. माणूस व त्याने आणलेली डुकरे, उंदीर यांच्यापुढे तो शंभर वर्षेही टिकला नाही. त्याला लोक मूर्ख पक्षी म्हणतात, ते मला पटत नाही. ज्याने शत्रू कधी पाहिलाच नव्हता, त्याने पळावे तरी कोणापासून? पुढे १७१५ मध्ये फ्रेंच व १८१० मध्ये इंग्रज तेथे सत्ताधीश झाले.

उसाचे मळे पिकवून घेण्यासाठी प्रथम आफ्रिकेतील व मादागास्करमधील गुलाम राबविले गेले. १८३५ मध्ये गुलामगिरी बंद झाली. मग मळेवाल्यांनी भारतातून करारबद्ध मजूर आणले. पोर्ट लुई बंदरातील सोळा दगडी पायऱ्या चढून हे लोक बेटावर पाऊल ठेवीत. ती जागा आज आप्रवासी घाट म्हणून ओळखली जाते. २००६ मध्ये तिला जागतिक वारसास्थळाचा मान मिळाला. मजुरांपैकी काहीजण मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोक होते. त्यांत कोकणातले पुष्कळ होते. करार पाच वर्षांचा असे. एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई.

त्यांच्या श्रमांची खूण अजून उघड्यावर उभी आहे. तेथील जमीन दगडांनी भरलेली. ऊस लावण्यापूर्वी एकेक दगड हाताने उचलून बाजूला रचावा लागे. अशा काळ्या दगडांचे मोठमोठे ढिगारे उसाच्या शेतांतून आजही दिसतात. पिढ्यान्‌पिढ्या गुलामांनी व मजुरांनी ते रचले. त्यांवर कोणाचे नाव नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी असाच दगड वेचून बांध घालणाऱ्या माणसाला समुद्रापलीकडे तोच दगड पुन्हा उचलावा लागला. दोन्ही दगड एकाच भट्टीतले आहेत, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार?

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाला. तेथील मराठी कुटुंबांच्या घरांत आता बहुधा क्रिओल भाषा बोलली जाते. मराठी शाळेत शिकावी लागते, आणि काही मुले ती आवडीने शिकतात. गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुटी असते. घरोघरी मोदक होतात. त्या दिवसांत झाकरी नावाचे नृत्य चालते; आपल्या कोकणातील जाखडी ती हीच. मध्यभागी ढोलकी व गाणारे, भोवती नाचणाऱ्यांचा फेर. गाण्यातील एखाद्या जुन्या शब्दाचा अर्थ मुलाला शिक्षकांना विचारावा लागला, तर नवल नाही. कानाला मात्र तो शब्द आजोबांपासून ओळखीचा असतो. मग मिरवणूक निघते आणि गणपती त्याच हिंदी महासागरात विसर्जित होतो, ज्यावरून पणजोबांचे जहाज आले होते.