परमुलखातला दंश आणि त्यावरील उतारा

समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर वसलेले बंगळूर शहर आल्हाददायक हवेसाठी विख्यात आहे. नोकरी, बदली अथवा शिक्षणाच्या निमित्ताने येथे येणाऱ्या मराठी कुटुंबांना ना मुंबईचा घाम सोसावा लागतो, ना विदर्भातील उन्हाळा. अनेक वर्षे परदेशी राहून मायदेशी परतणारी मंडळीही मोठ्या प्रमाणात याच उद्याननगरीत स्थिरावतात. मात्र ज्या सौम्य हवेची मोहिनी माणसांवर पडते, तीच डासांनाही मानवते. येथे ना कडाक्याची थंडी, ना होरपळणारे ऊन. त्यामुळे डासांचा वावर वर्षाचे बाराही महिने राहतो.

अशा कुटुंबांत पहिल्या काही आठवड्यांत एक दृश्य हमखास दिसते. परदेशात जन्मलेले चार-पाच वर्षांचे मूल संध्याकाळी बागेत खेळून येते आणि सकाळी त्याच्या पायांवर रुपयाएवढ्या लाल, टणक गाठी उठलेल्या असतात. एखादे वेळी पापणी सुजून डोळाच मिटतो. शेजारच्या मुलाला तेच डास चावलेले असतात, पण त्याच्या अंगावर बारीकसा ठिपकाही नसतो. 'आमच्याच मुलाला असे का व्हावे?' या प्रश्नाने आईवडील हवालदिल होतात.

शरीराची अनोळख

या प्रश्नाचे उत्तर डासाच्या लाळेत आहे. रक्त शोषताना ते गोठू नये म्हणून डासाची मादी त्वचेत किंचित लाळ सोडते. या लाळेतील प्रथिने शरीराला परकी वाटतात. त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली, की पुढील दंशाच्या वेळी त्वचेतील मास्ट पेशी हिस्टामिन हे द्रव्य मुक्त करतात आणि त्यातून खाज, लाली व सूज उद्भवते. शरीराच्या अशा बदललेल्या प्रतिसादाला 'ॲलर्जी' हे नाव ऑस्ट्रियातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये दिले.

हा प्रतिसाद जन्मभर एकसारखा राहत नाही. ब्रिटिश कीटकतज्ज्ञ केनेथ मेलनबी यांनी १९४६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्याच्या पायऱ्या मांडल्या. अगदी पहिल्या दंशांना त्वचा दादच देत नाही. नंतर दुसऱ्या दिवशी उठणारी गाठ येऊ लागते. पुढे तत्काळ उठणारी गांध आणि उशिराची गाठ अशी दोन्ही लक्षणे दिसतात. कालांतराने केवळ तत्काळ गांध उरते, आणि वर्षानुवर्षे दंश होत राहिल्यास तीही मावळते. शेजारचे मूल या वाटेवर बरेच पुढे गेलेले असते. नव्याने आलेले मूल अजून आरंभीच असते. बहुतेक मुलांचा हा त्रास वाढत्या वयाबरोबर आपोआप ओसरतो, ही पालकांना दिलासा देणारी बाब होय.

काही मुलांत मात्र दंशानंतर अवघ्या काही तासांत मोठी सूज येते व क्वचित तापही भरतो. कॅनडातील संशोधकांनी १९९९ मध्ये या अवस्थेचे वर्णन 'स्कीटर सिंड्रोम' या नावाने केले. अशी सूज म्हणजे जंतुसंसर्गच, असे समजून अनेकदा विनाकारण प्रतिजैविके दिली जातात. दोहोंतील ढोबळ भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. ॲलर्जीची सूज काही तासांत येते आणि तिला वेदनेपेक्षा खाज अधिक असते. जंतुसंसर्ग बहुधा एक-दोन दिवसांनी, खाजवून फुटलेल्या जागी सुरू होतो. वेदना वाढत जातात, पू होतो. शंका वाटल्यास निर्णय डॉक्टरांवरच सोपवणे इष्ट.

उतारा कोणता?

दंशाची जागा साबण व पाण्याने धुऊन तीवर दहा मिनिटे थंड पाण्याची पट्टी ठेवणे, हा पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय. कॅलामाईन लोशनने खाज शमते. त्रास अधिक असल्यास सेटिरिझिन अथवा लोराटाडिन यांसारखी, तुलनेने कमी गुंगी आणणारी हिस्टामिनविरोधी औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने, मुलांना वयानुरूप मात्रेत देता येतात. दंश होण्यापूर्वी सेटिरिझिन घेतल्यास गांध व खाज कमी होते, असे १९९०च्या दशकात फिनलंडमध्ये झालेल्या अभ्यासांत आढळले. सौम्य स्टेरॉइड मलम दोन-चार दिवस लावण्याचा सल्लाही डॉक्टर देतात. परंतु औषधांच्या दुकानातून परस्पर आणलेली, तीव्र स्टेरॉइड असलेली मिश्र मलमे वारंवार लावल्यास त्वचा पातळ पडते व नवे विकार जडतात. मुलांची नखे कापलेली असावीत. निम्मी गुंतागुंत तेवढ्यानेच टळते.

मधमाशी डसल्यास चुना लावण्याची प्रथा आपल्याकडे घरोघर आहे. परंतु विष त्वचेच्या आत गेलेले असते. वरून लावलेला चुना तेथवर पोहोचत नाही, उलट नाजूक त्वचा त्याने भाजू शकते.

दंश नव्हे, तरीही दाह

पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती घिरट्या घालणारा, काळ्या-नारिंगी पट्ट्यांचा एक चिमुकला भुंगेरा बंगळूरकरांना 'ॲसिड फ्लाय' या नावाने परिचित आहे. तो चावत नाही आणि त्याचा त्रास ही ॲलर्जीही नव्हे. अंगावर बसलेला असताना तो चिरडला गेला, की त्याच्या शरीरातील 'पेडेरिन' हे दाहक द्रव्य त्वचेला लागते व साधारण एका दिवसाने भाजल्यासारखा पट्टा उठतो. त्याला चिरडू नये, फुंकर मारून उडवावे आणि ती जागा लगेच साबणाने धुवावी. तोच हात डोळ्याला लागू नये, याची विशेष दक्षता घ्यावी.

जेथे विलंब परवडत नाही

येथवरचे सारे प्रकार त्रासदायक असले, तरी सहसा जिवावर बेतणारे नाहीत. मधमाशी, गांधीलमाशी आणि काही मुंग्यांचा दंश मात्र वेगळ्या कोटीतील आहे. बंगळूरच्या उंच इमारतींच्या सज्जांखाली आग्या मोहोळे लटकलेली दिसतात. अशा एका पोळ्यात हजारो माश्या असतात. ज्यांना विषाची ॲलर्जी आहे, त्यांना एक दंशही घातक ठरू शकतो.

या तीव्र प्रतिक्रियेस 'ॲनाफिलॅक्सिस' म्हणतात. फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल रिशे व पोल पोर्तिए यांनी १९०२ मध्ये तिचे वर्णन केले आणि त्या कार्यासाठी रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक लाभले. दंशाच्या जागेपासून दूर सर्वांगावर गांध उठणे, ओठ वा जीभ सुजणे, आवाज घोगरा होणे, श्वास कोंडणे, वारंवार उलट्या, भोवळ ही तिची लक्षणे. दंशानंतर काही मिनिटांतच ती दिसू लागतात. अशा वेळी ॲलर्जीची गोळी देऊन वाट पाहत बसणे ही सर्वांत महागडी चूक ठरते. येथे प्राण वाचवणारे औषध एकच, मांडीच्या बाहेरील स्नायूत दिले जाणारे ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन. ते अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत असून स्वस्तही आहे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी अथवा रुग्णाला थेट जवळच्या रुग्णालयात न्यावे. त्याला आडवे निजवून पाय उंच ठेवावेत. धाप लागत असल्यास बसू द्यावे. चालायला मात्र लावू नये. बरे वाटल्यानंतरही काही तासांनी लक्षणे उलटू शकतात, म्हणून देखरेख आवश्यक असते.

मधमाशीचा काटा त्वचेत रुतून राहतो आणि विष सोडतच असतो. तो चिमट्याने काढावा की नखाने, या वादात वेळ न दवडता तत्क्षणी काढावा. दंशासमवेत पिकलेल्या केळ्यासारखा गंध पसरतो व तो इतर माश्यांना चेतवतो. म्हणून तेथे न थांबता चेहरा झाकून बंद खोलीत वा मोटारीत शिरावे.

एकदा असा प्रसंग ओढवलेल्या व्यक्तीने ॲलर्जीतज्ज्ञांचा सल्ला अवश्य घ्यावा. विषाच्या सूक्ष्म मात्रा वाढवत नेण्याची उपचारपद्धती तीन ते पाच वर्षे चालते आणि अत्यंत परिणामकारक आहे; भारतात मात्र ती सर्वत्र उपलब्ध नाही. परदेशी जाणाऱ्यांनी आपल्या ॲलर्जीविषयी डॉक्टरांचे इंग्रजी पत्र व औषधांची चिठ्ठी जवळ बाळगावी, तसेच प्रवास विम्याच्या अर्जात पूर्वीची तीव्र प्रतिक्रिया नमूद करावी. ती दडवल्यास ऐन गरजेच्या वेळी दावा नाकारला जाऊ शकतो.

पिंपातले पाणी

औषधे दंशानंतरची, दंशच टळावा यासाठीचा उपाय याच शहरात एका परमुलखातून आलेल्या डॉक्टरला सापडला होता. १८८३ मध्ये रोनाल्ड रॉस हे तरुण लष्करी डॉक्टर बंगळूरच्या छावणीत नेमणुकीवर आले. बंगला उत्तम, परंतु डासांनी ते त्रस्त झाले. आपल्याच खोलीत डास अधिक का, याचा शोध घेता खिडकीबाहेरील पाण्याच्या पिंपात वळवळणाऱ्या अळ्या त्यांना दिसल्या. त्यांनी ते पिंप उपडे केले आणि डास ओसरले. भोजनगृहाच्या आवारातील भांडीही रिकामी करावीत, ही त्यांची सूचना मात्र सहकारी अधिकाऱ्याने निसर्गक्रमात ढवळाढवळ म्हणून धुडकावली. याच रॉस यांनी पुढे १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे डास आणि हिवताप यांचा संबंध सिद्ध केला व १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळवले.

आज पिंपाची जागा जमिनीखालील संप, गच्चीवरची टाकी आणि कुंड्यांखालच्या बशा यांनी घेतली आहे. आठवड्यातून एकदा साठवणीची भांडी रिकामी करून घासणे, टाक्यांची झाकणे घट्ट लावणे, खिडक्यांना जाळ्या बसवणे, रात्री मच्छरदाणी वापरणे आणि बाहेर पडताना डीट अथवा ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने विकसित केलेले 'डेपा' यांसारखे प्रतिकारक मलम वापरणे, एवढ्या गोष्टींनी दंश पुष्कळच कमी होतात.

नव्या गावाशी शरीराची ओळख पटण्यास काही काळ जावा लागतो. तोवर थंड पाण्याची पट्टी आणि थोडा धीर बहुतेकांना पुरेसा ठरतो. मात्र नव्या घराचा पत्ता पाठ करताना, चोवीस तास उघडे असणारे जवळचे रुग्णालय कोणते, हेही कुटुंबातील प्रत्येकाने माहीत करून घ्यावे. ज्या दिवशी ही माहिती लागते, त्या दिवशी ती शोधायला वेळ नसतो.