उतारावरची ऑटोमॅटिक

ऑटोमॅटिक गाडीतला मॅन्युअल मोड ही गिअर केव्हा बदलायचा हे चालकाला ठरवू देणारी सोय आहे. क्लच तेव्हाही गाडीच सांभाळते. लिव्हर 'डी'वरून 'एम'कडे सरकवायची आणि अधिक-उण्याच्या खुणांकडे ढकलून, किंवा स्टिअरिंगमागच्या पॅडलने, एकेक गिअर वरखाली करायचा. पोर्शेने १९९०च्या सुमारास 'टिपट्रॉनिक' या नावाने ही सोय आणली ती वेगाच्या शौकिनांसाठी. भारतात २०१४मध्ये आलेल्या सेलेरिओ या गाडीपासून एएमटी (क्लच आणि गिअर यंत्राने हलवणारा) गिअरबॉक्स आवाक्यातल्या किमतीच्या गाड्यांत आला आणि त्याबरोबर हा मोडही. सह्याद्रीच्या घाटात तो शौकापेक्षा गरजेचा ठरतो.

गिअरबॉक्सच्या संगणकाला मुख्यतः तीन गोष्टी कळतात: गाडीचा वेग, इंजिनाचा आरपीएम आणि ॲक्सिलरेटर किती दाबला आहे ते. पुढचे वळण त्याला दिसत नाही. उतारावर चालकाने ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, की साधी यंत्रणा त्याचा अर्थ 'आता जोर नको' असा लावते आणि इंधन वाचवायला वरचा गिअर टाकते. इंजिनाचा अटकाव कमी होतो, गाडी पळू लागते आणि तिला आवरण्याचा भार ब्रेकवर पडतो. बऱ्याच नव्या गाड्या उतार ओळखून खालचा गिअर धरून ठेवतात. पण त्याही पुढे काय आहे ते पाहून नव्हे, गाडी कशी वागते आहे त्यावरून.

हा भार किती, हे मोजता येते. लोणावळा ते खोपोली उंचीचा फरक साधारण साडेपाचशे मीटर. माणसे आणि सामान धरून १,५०० किलोची गाडी एवढी खाली उतरते तेव्हा सुमारे ८० लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. तेवढ्यात २५ लिटर पाणी उकळीला येईल. हवेचा आणि टायरचा विरोध यातला काही हिस्सा खातो. उरलेली ऊर्जा उष्णता होऊन चार चाकांच्या ब्रेकमध्ये जाते. पाय ब्रेकवर ठेवूनच घाट उतरला तर पॅड इतके तापतात की त्यांची पकड घटते. त्याहून वाईट म्हणजे ब्रेक ऑइल उकळणे. नवे डॉट ४ ऑइल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत टिकते, पण ते हवेतली ओल शोषते आणि ओल मुरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. ऑइलची वाफ झाली की पेडल दाबल्यावर दबली जाते ती वाफ. चाकापर्यंत जोर पोहोचतच नाही.

खालच्या गिअरमध्ये हे काम इंजिन वाटून घेते. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर सोडल्यावर हवेची वाट जवळजवळ बंद होते आणि पिस्टनना त्या निर्वाताविरुद्ध ओढ घ्यावी लागते. ही ओढ चाकांना मागे खेचते. चढलेल्या आरपीएमचा आवाज ऐकून पेट्रोल जळते आहे असे वाटते, पण गाडी अशी उतरत असताना इंजेक्टर बहुधा बंदच असतात. उलट न्यूट्रलवर सोडलेल्या गाडीचे इंजिन चालू राहण्यासाठी इंधन पीत राहते आणि अटकावही शून्य. पेट्रोल वाचवण्याची ही सवय घाटात सर्वांत घातक म्हणावी लागेल.

कोणता गिअर धरायचा? एका सर्वसाधारण छोट्या गाडीत ताशी ६० किलोमीटर वेगाला चौथ्या गिअरमध्ये सुमारे २,२०० आरपीएम असतो, तिसऱ्यात २,९००, दुसऱ्यात ४,१००. पहिल्यात तो साडेसात हजारांवर जाईल, म्हणजे लाल रेषेपलीकडे. अशी आज्ञा संगणक धुडकावतो, पण त्याच्या भरवशावर राहू नये: आधी ब्रेकने वेग कमी करावा, मग गिअर उतरवावा, तोही एकेक. चढताना जो गिअर, उतरताना तोच, हा जुना ठोकताळा ट्रकसाठी चांगला होता. टर्बो इंजिनाच्या गाड्या चौथ्यातही घाट चढतात, त्यामुळे त्यांत उतारावर एक गिअर खालचाच ठेवावा. ॲक्सिलरेटरला पाय न लावता, ब्रेक अधूनमधून दाबून वेग काबूत राहत असेल तर गिअर बरोबर आहे. ब्रेकही ठामपणे दाबून सोडावा, घासत ठेवू नये.

गिअर उतरवायचा तो वळणाआधी, वळणात नव्हे. टायरची पकड मर्यादित असते आणि वळताना तिचा मोठा वाटा गाडी वळवण्यातच जातो. पावसाळी, चिखलाळ रस्त्यावर त्याच क्षणी इंजिनाचा झटका बसला तर चाके घसरू शकतात. मागच्या गाडीचाही विचार हवा: इंजिनाने वेग कमी होतो तेव्हा मागचे लाल दिवे लागत नाहीत. पेडलला हलका स्पर्श केला तर ते लागतात.

चढावर प्रश्न वेगळा. 'डी'मध्ये गिअरबॉक्स दुसऱ्या-तिसऱ्यात घोटाळत राहतो. दुसरा धरून ठेवला की ओढ टिकते. एएमटीत गिअर वाढवताना ॲक्सिलरेटर किंचित सैल केला तर ओळखीचा तो हिसका बराच कमी होतो. मात्र चढावरच्या कोंडीत ॲक्सिलरेटरच्या जोरावर गाडी रोखून धरू नये. मॅन्युअल मोड असो वा नसो, त्याने एएमटीचा क्लच जळतो. तिथे हँडब्रेकच लावावा. सीव्हीटीत तर खरे गिअर नसतातच, पुलींच्या ठरावीक स्थिती गिअर म्हणून दाखवल्या जातात. इंजिनाचा अटकाव मात्र तिथेही खराच मिळतो.

अधिक-उण्याची दिशा सगळ्या गाड्यांत सारखी नसते. काहींत पुढे ढकलले की गिअर वाढतो, काहींत उतरतो. दुसऱ्याची गाडी घेऊन घाटात जाण्याआधी ते सपाट रस्त्यावर तपासून घ्यावे. उतारात जळका वास आला तर सुरक्षित जागी थांबून ब्रेक आपोआप निवू द्यावेत. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतले तर ती वाकडी होऊ शकते किंवा तिला तडा जाऊ शकतो. सपाटीवर आणि शहरी गर्दीत मॅन्युअल मोडने फारसे काही साधत नाही. तिथे 'डी'च बरा.