चार पानांवर बोली : खेळ ‘अठ्ठावीस’चा

पावसाची झड लागली, वाफसा नसला की शेतातली कामे खोळंबतात. मग पारावर, देवळाच्या ओसरीवर पत्त्यांचा डाव पडतो. आपल्याकडे मेंढीकोट घराघरात ठाऊक आहे. त्याच्याच जवळचा, पण बोली लावून खेळायचा एक डाव केरळात घरोघर चालतो. त्याचे नाव ‘अठ्ठावीस’. बंगालकडे त्याचा भाऊ ‘एकोणतीस’ म्हणून ओळखला जातो.

खेळायला चौघे लागतात. समोरासमोरचे दोघे भिडू. जोडातली दुरी ते छक्की ही पाने बाजूला काढायची, म्हणजे ३२ पाने उरतात. इथे पानांचा मान वेगळा आहे. सर्वांत मोठा गुलाम, मग नव्वी, एक्का, दश्शी, राजा, राणी, अठ्ठी आणि सत्ती. गुलामाचे ३ गुण, नव्वीचे २, एक्का व दश्शीचा प्रत्येकी १. बाकीच्यांना काही नाही. चारही रंगांची बेरीज २८ होते, म्हणून हे नाव.

वाटप उजवीकडून करतात. आधी प्रत्येकाला चारच पाने द्यायची. वाटणाऱ्याच्या उजव्या हाताचा गडी पहिली बोली करतो, ती निदान १४ ची. पुढच्याने ती वाढवायची, नाहीतर ‘पास’ म्हणायचे. ज्याची बोली सर्वांत मोठी, त्याने हुकमाचा रंग मनात ठरवून त्या रंगाचे एक पान पालथे ठेवायचे. त्यानंतर उरलेली चार-चार पाने वाटायची.

आता खरी गंमत. पहिली उतारी वाटणाऱ्याच्या उजवीकडच्याची. उतरलेला रंग हातात असेल तर तोच टाकावा लागतो. रंग नसेल तर दोन वाटा आहेत : कुठलेही पान टाकून द्या, किंवा ‘हुकूम उघडा’ म्हणा. उघडायला लावला आणि हातात हुकूम असला, तर तो टाकलाच पाहिजे. उघडेपर्यंत त्या रंगाला कापायची ताकद नसते. बंद हुकमाचा मेंढीकोट खेळणाऱ्यांना हे लगेच उमजेल. आठ हात संपले की बोली करणाऱ्या जोडीने आपल्या हातांतले गुण मोजायचे. बोलीइतके भरले तर जिंकले, नाहीतर हरले. जिंकल्या-हरल्याचा हिशोब गावोगाव निराळा असतो, तो बसण्याआधीच ठरवून घ्यावा.

बोली किती करावी? समजा, इस्पिकचा गुलाम, नव्वी, सत्ती आणि बदामचा एक्का आला. इस्पिक हुकूम धरून १६ पर्यंत जायला हरकत नाही, कारण हुकमाची वरची दोन्ही पाने हातात आहेत. पण दोन रंगांचे दोन गुलाम आणि बाकी भरताड, अशा पानांवर २० म्हणणे धाडसच. पुढची चार पाने काय येतील आणि भिडूकडे काय आहे, हे कोणालाच माहीत नसते.

इथे मला आपली शेती आठवते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, असे आम्ही दरवर्षी सांगतो. पहिल्या सरीवर बियाणे टाकणारा गडी आणि चार पानांवर २४ ची बोली करणारा गडी, दोघांचा हिशोब एकच : पुढचे चांगलेच येईल. आले तर वाहवा, नाही आले तर दुबार पेरणी. जे हातात आहे त्यावर बोली करावी, येणाऱ्यावर नव्हे.

भिडूचेही तसेच. हात आपल्या भिडूचा होतोय असे दिसले तर एक्का, दश्शी त्यावर वाढावी. समोरच्यांचा होत असेल तर राणी-सत्ती टाकून मोकळे व्हावे. खुणा मात्र करायच्या नाहीत. भिडूने काय टाकले, यावरून ओळखायचे. कोणते गुलाम पडले, कोणत्या नव्व्या बाकी आहेत, हे लक्षात ठेवणारा सहसा फसत नाही.

एक सांगणे मात्र कळकळीचे. डावावर पैसा लावू नका. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आपल्या राज्यात आजही लागू आहे, पण पोलिसांपेक्षा मोठी भीती घरची आहे. खतासाठी उचललेले पैसे पत्त्यावर गेले तर पीक उपाशी राहते, आणि त्याची झळ बायकापोरांना बसते. सरपंच, पोलीस पाटील मंडळींनी याकडे लक्ष ठेवावे. हरणाऱ्या जोडीने चहा पाजावा, एवढी पैज पुरे.

पाऊस उघडला, वाफसा आला की मात्र डाव अर्धा असला तरी पाने गोळा करा. कोळपणी थांबत नाही.