दारात कार हवीच का? आधी हा हिशोब मांडा

कवठे येमाईत कारचा विषय निघाला की दवाखाना, लग्नसराई आणि शिरूरची कामं ही तीन कारणं हमखास पुढे येतात. प्रत्येकाचा हिशोब वेगळा.

हप्ता : ६ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याला सुमारे १२,४५५ रुपये. नुसतं व्याजच १ लाख ४७ हजारांवर. विमा, सर्व्हिसिंग, टायर, पेट्रोल वेगळं. गाडी ताडपत्रीखाली उभी असली तरी हप्ता चुकत नाही.

भाड्याची गाडी : महिन्यातून दोनदा, फेरीला ३ हजार धरले तरी वर्षाचे ७२ हजार. हप्ते मात्र दीड लाखाच्या घरात.

एसटी : एसटीची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर धावली, तो रस्ता शिरूर तालुक्यातूनच जातो. १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट, तर ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. अडचण वेळेची: शेवटची गाडी चुकली की कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसायचं.

शेतमाल : कांद्याच्या गोण्या डिकीत मावत नाहीत. कार घेतली तरी बाजार समितीच्या फेरीला पिकअप सांगावीच लागते.

रात्री-अपरात्री : १०८ क्रमांकाची मोफत रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे, गरोदर महिला आणि तान्ह्या बाळांसाठी १०२.